वाऱ्याला धुणारं पाणी

आभाळ कोरडं ठणठणीत असावं, आश्विनातलं निळंशार, ढगाचा एक पुंजकाही कुठे नसावा, आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या रस्त्याने चालताना अचानक गालावर एक थेंब पडावा! बारीक, थंड, मोहरीएवढा. पहिल्यांदा तो अंगावर आला तेव्हा मी थबकून वर पाहिलं होतं. वर पाखरू नव्हतं, झाड नव्हतं, कुणाच्या गॅलरीतलं ओलं धुणंही नव्हतं. भिंतीपलीकडे होता तो कूलिंग टॉवर, चौकोनी, अंगाखांद्यावर शेवाळ मिरवणारा, आणि त्याच्या माथ्यावरून निघणारा पांढराशुभ्र वाफेचा लोट. त्या लोटातून निसटलेला एक थेंब वाऱ्याचं बोट धरून भिंत ओलांडून आला होता आणि एवढ्या माणसांतून नेमका माझा गाल त्याने निवडला होता. गावापासून इतक्या दूर, जिथे आपल्याला घरच्या नावाने हाक मारणारं कुणी नाही, तिथे कुणीतरी हळूच बोट लावून जावं तसं वाटलं. मी तो पुसला. मग पुसलेल्या बोटाचा वास घेतला. माझा स्वभावच असा. सुखाचासुद्धा मी आधी वास घेऊन पाहतो.

टॉवरांची देखभाल हे माझं पोटापाण्याचं काम. नववीत शाळा सुटली, वऱ्हाडातल्या गावातून उठलो आणि एका गाववाल्याच्या ओळखीने ठेकेदाराच्या हाताखाली पाना धरायला लागलो. आज ठाण्याला वागळे इस्टेट, उद्या डोंबिवली, परवा कल्याणच्या बाजूला. जिथला टॉवर आजारी, तिथे आम्ही. वाऱ्याचा, पाण्याचा, उष्णतेचा जो काही धडा माझ्या वाट्याला आला तो यांच्याच शिड्यांवर चढता-उतरता आला. म्हणून त्यांच्याविषयी बोलताना मनात कृतज्ञता दाटून येते, आणि तिच्या पाठोपाठ लगेच धाकधूक. ज्याने जेवू घातलं त्याच्याकडेच संशयाने पाहावं लागणं, हे किती अवघड दुखणं!

कूलिंग टॉवर म्हणजे तरी काय? कारखान्याच्या पोटातून तापून आलेलं पाणी उंचावर न्यायचं, तिथून बारीक धारांनी खाली सोडायचं, आणि पडता पडता त्याची वाऱ्याशी गाठ घालून द्यायची. थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्याचा ताप सोबत घेऊन जातं. आपल्या घरातला माठ दुसरं काय करतो? पण या एकाच युक्तीची रूपं किती! वागळे इस्टेटच्या छपरांवर बसलेले टॉवर ठेंगणे, गोल, बुडाशी फुगीर. त्यांच्या डोक्यात पाण्याचे लांब हात असतात आणि ते पाण्याच्याच जोराने गरगर फिरत राहतात, फुगडीत रंगलेल्या पोरींसारखे. त्या छपरांवरून वर्तकनगरच्या इमारती दिसतात, गॅलऱ्यांतून झुलणारे कपडे दिसतात, आणि हातातला पाना क्षणभर तसाच राहतो. डोंबिवलीचे टॉवर मात्र थोराड, चौकोनी. त्यांतही दोन कुळं. एकात वारा बाजूने शिरतो आणि पडणाऱ्या पाण्याला आडवा ओलांडून जातो. दुसऱ्यात तो तळातून वर चढतो आणि पाण्याला समोरासमोर भिडतो. समोरासमोर भिडणारा कमी जागेत जास्त निववतो, पण त्याचं काही बिनसलं तर आत शिरणं जिकिरीचं. आडव्या भेटीचा पसरट, जागा खाणारा, पण मनाने सोपा. वरचं झाकण उघडलं की त्याचं दुखणं उघड्यावर. माणसांतही अशी दोन कुळं नसतात का? मी आडव्या भेटीच्या कुळातला. माझं झाकण कुणीही उघडावं, आत काळजीच सापडायची.

आणि एक तिसरं रूप, ज्याला मी कधी हात लावला नाही. लहानपणी मायसोबत एसटीने मामाच्या गावाला जाताना वाटेत वीज केंद्राचे अजस्र मनोरे दिसायचे, कमरेत आवळलेले, डमरूसारखे. त्यांना पंखा लागत नाही. आकारच असा की वारा आपोआप वर ओढला जातो. तेव्हा हे कुठलं ठाऊक असायला! माय खिडकीतून वाकून म्हणायची, “एवढाले रांजन कोनाचे रे? कोन पेते एवळं पानी?” अख्खी एसटी हसायची, मीही हसायचो. आज वाटतं, त्या गाडीत खरं तेवढं तिलाच दिसलं होतं. पाणी थंड करणारं भांडं म्हणजे रांजण. त्याला आणखी कोणतं नाव द्यायचं?

पण माझ्या मनातली घालमेल या रांजणांची नाही. ती आहे त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या टॉवराची. रासायनिक कारखान्यात गेलात तर पाहाल: कूलिंग टॉवरच्या पलीकडे एक उंच, सडपातळ नळकांडं असतं, वर निमुळती चिमणी. तो स्क्रबर. कारखान्यात जे शिजतं त्यातून आम्लाचा वायू निघतो. तो असाच बाहेर सोडला तर घसा जाळील, पानं करपवील. म्हणून त्याला या नळकांड्यात तळातून सोडतात आणि वरून कॉस्टिकचं, म्हणजे आम्ल मारणाऱ्या क्षाराचं पाणी ओततात. आत प्लॅस्टिकच्या पोकळ रिंगांचा थर असतो. त्या थरातून पाणी झिरपत खाली येतं, वायू वाट काढत वर जातो, आणि त्या दाटीत पाणी त्याचं विष काढून घेतं. कुठे आत नुसतेच फवारे असतात, रिंगा नसतात. कुठे धुळकट वायूसाठी गळा आवळलेला स्क्रबर असतो, त्या अरुंद गळ्यातून वायू सुसाटत जातो आणि पाणी त्याच्या तोंडावर आपटतं. रूपं वेगळी, काम एकच. दोन्ही टॉवरांत पाणी वरून पडतं आणि वाऱ्याला भेटतं. एकात वारा पाण्याला निववतो. दुसऱ्यात पाणी वाऱ्याला धुतं. केवढं जवळचं नातं, आणि केवढा उलटा स्वभाव! ज्याच्या डोक्यावर पांढरा लोट दिसतो तो निरुपद्रवी. आणि ज्याच्या चिमणीतून काहीच निघताना दिसत नाही, त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं.

हे मला शिकवलं म्हात्रेकाकांनी. डोंबिवलीच्या ज्या कारखान्यात हल्ली मी रोज असतो, तिथला स्क्रबर ते सांभाळतात. काका तिथलेच, आगरी. आता निवृत्तीला आलेले. स्क्रबर उभा आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरचं भाताचं खळं होतं. “हितं आमचा खला व्हता,” ते पायाने जमीन दाबत सांगतात, “आता हा बसलाय. यालाच सांबालतो.” इतकी वर्षं त्या वासात काढून काकांचं नाक गेलंय. घरी बोंबील तळला तरी त्यांना पत्ता लागत नाही. काकी टोमणा मारतात, “जेवाला हाक मारीपरयंत यांना कलत नाय काय रांधलाय.” काका त्यावर खो खो हसतात. मी हसतो, पण आतून चरकतो. नाक रागावत नाही, भांडत नाही. ते नुसतं सवय करून घेतं. सवय झाली की धोका संपत नाही, धोक्याची बातमी संपते.

म्हणून काका नाकावर विसंबत नाहीत. काठीला कापडाचा बोळा बांधायचा, तो अमोनियात बुडवायचा आणि स्क्रबरच्या जोडांभोवती सावकाश फिरवायचा. जोड घट्ट असेल तर काही होत नाही. पण कुठून आम्लाचा वायू पाझरत असेल, तर बोळा तिथे पोचताच शुभ्र धूर उमटतो, दाट, दुधासारखा. मला पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. जे दिसत नव्हतं त्याने अचानक तोंड दाखवलं! “बग रं,” काका म्हणाले, “तो त्या टावरावरचा पांढरा हसून सोडाचा. ह्यो पांढरा दिसला का पलाचं... पण आधी वाल्व बंद करून पलाचं.”

आता माझी गोष्ट. माझी माय गावी एकटी असते. बाप लवकर गेला, बहीण लग्न होऊन लांब. जन्मभर चुलीपुढे वाकून मायची फुप्फुसं अशी झाली की दळणाचा डबा उचलला तरी धाप लागते; श्वासाचं औषध ओढायचा पंप कनवटीला असतो. मागल्या हिवाळ्यात तिला असा दम लागला की शेजारच्यांनी ऑटोत घालून तालुक्याला नेलं. मला फोन आला तेव्हा मी वागळे इस्टेटमध्ये एका छपरावर, टॉवरच्या पोटात अर्धा शिरलेला. त्या दिवसापासून एकच प्रश्न मला आत-बाहेर पोखरत राहिला: तिला तिथे एकटीला ठेवायचं, की इथे, या हवेत आणायचं? इथे दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, मी रोज संध्याकाळी घरी. पण माझी खोली एमआयडीसीच्या अंगाला. ज्या श्वासाला चुलीच्या धुराने पोखरलं, त्याला मी कशाच्या शेजारी आणून बसवणार होतो?

एकदा धीर करून सकाळी कामावरूनच तिला व्हिडिओ कॉल केला. थंडी होती, त्यामुळे मागचा लोट नेहमीपेक्षा घट्ट, कापसाच्या गंजीएवढा. मायने माझा चेहरा पाहिलाच नाही. “तुया मांगं कायचा धुपट आहे रे थो? एवळा? अन् तू तिथं रायतं?” मी म्हटलं, माय, धूर नाही, वाफ आहे, भाताच्या गंजावरची असते तशी. “एवळा भात कोन शिजवते बाप्पा! खोटं नको सांगू. मी नाई येत त्या धुपटात. तूच ये घरी.” फोन बंद झाला. माझ्या लहानपणी ज्याला तिने रांजण म्हटलं होतं, त्याच जातीच्या टॉवरापुढे पोटचा पोर उभा दिसताच तो धूर झाला. आणि माझी पंचाईत पाहा! ज्याला ती भीत होती ते भिण्यासारखं नव्हतं. आणि ज्याला मी भीत होतो ते तिला त्या पडद्यावर दिसतच नव्हतं. तिची भीती मोडून काढू, की माझी तिला सांगू?

बहिणीने समजावलं, शेजारणींनी समजावलं, आणि शेवटी ‘दसऱ्याले येते, पायते, नाई जमलं तं वापस जाते’ एवढ्यावर माय आली. ती येण्याच्या आधीच्या रविवारी माझ्या हातून जे झालं ते आठवून अजून हसू येतं. खोलीची हवा कशी आहे हे मला कोणीतरी खात्रीने सांगायला हवं होतं. मी काकांकडून अमोनियाची छोटी बाटली मागून आणली. भर दुपारी काठीला बोळा बांधला आणि खिडकीच्या चौकटीभोवती, दाराभोवती, मायसाठी घातलेल्या खाटेभोवती सावकाश फिरवू लागलो. धूर उमटतो का, श्वास रोखून पाहत. शेजारच्या सावंतकाकू गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. “अरे मेल्या, खिडकीला काय ओवाळतोयस? कोणाची दृष्ट काढतोस?” मी काही बोलणार तेवढ्यात बाटली कलंडली. मग काय विचारता! अख्ख्या गॅलरीच्या डोळ्यांतून पाणी. काकू पदर नाकाला लावून ओरडत होत्या, “आई येतेय म्हणून घर शेकतोस की आम्हाला मारतोस?” हवेची परीक्षा घ्यायला निघालेल्या माणसानेच त्या दिवशी मजल्यावरची हवा नासवली. सगळी दारं उघडून, फरशी धुऊन, संध्याकाळपर्यंत मी पंख्याखाली बसून होतो. पांढरा धूर काही उमटला नव्हता. पण त्याने समाधान व्हावं कसं? तो बोळा गळक्या जोडाची साक्ष देतो. एवढ्या मोकळ्या हवेची साक्ष तो कुठून देणार? उद्याच्या श्वासाची हमी देणारं कापड अजून कुणी विणलेलं नाही.

मायला कल्याण स्टेशनवर उतरवून घेतलं. बोचक्यात ज्वारीचं पीठ, लाल मिरच्या आणि मधोमध कापडात गुंडाळलेला तिचा औषधाचा पंप. रिक्षात तिने सबंध वाट पदर नाकाला धरून ठेवला होता. मी रस्ता पाहत नव्हतो. तिच्या छातीची उघडझाप पाहत होतो.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी घरच्या माणसांना आवारात, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत येऊ देतात. काम जवळपास थांबलेलं, एकाच भांड्यात काही शिजत होतं, त्यामुळे दोन्ही टॉवर तेवढे जागे होते. पंप पुसून लख्ख, बॉयलरला कुंकू, कूलिंग टॉवरच्या शिडीला झेंडूचा भरघोस हार. माय पट्ट्यावर येऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली. लोट होता, उन्हात चमकणारा. त्यातून तुषार आले आणि तिच्या कपाळावर, गालावर बसले. मी रुमाल घेऊन पुढे धावलो. त्या पाण्यात गंज-शेवाळावरचं औषध असतं, प्यायचं पाणी नव्हे ते. मायने माझा हात बाजूला केला. तळहात पसरून आणखी चार थेंब झेलले. “गार आहे रे,” ती म्हणाली, “हा तं रांजनच आहे.”

मग तिची नजर पलीकडे गेली. “अन् थो? त्याले काऊन नाई हार?” म्हात्रेकाका शेजारीच उभे होते; आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच, स्क्रबरला कधी कुणी हार घातला नव्हता. तिथे कॉस्टिकचे डाग, तिथे वास. देवाचं फूल तिकडे न्यावं असं कुणाच्या मनात आलं नसावं. मी तिला सांगू लागलो तो काय करतो ते. सांगता सांगता शब्द अडले, म्हणून म्हटलं, माय, तू मिरच्या भाजताना पदर ओला करून नाकाला लावायचीस ना? तो कारखान्याचा ओला पदर आहे. ती बराच वेळ त्या निमुळत्या चिमणीकडे पाहत राहिली, जिथून काहीच निघताना दिसत नव्हतं. “अन् पदर सुकला तं?” तिने विचारलं.

सगळ्या वर्षांची माझी बेचैनी तिने चार शब्दांत पुढ्यात ठेवली होती. काकाच पुढे झाले. “सुकू देत नाय, वयनी. पंप बंद परला का आमी आतलंबी समदं बंद करतो.” मायने मान हलवली, हारातली दोन फुलं सोडवली आणि काकांच्या हातात दिली. काका फुलं घेऊन स्क्रबरच्या पायथ्याशी गेले, आपल्या जुन्या खळ्यावर वाकले आणि परत येताना उगीचच डोळे चोळत राहिले. नाक गेलं तरी डोळे जाग्यावर होते.

घरी येऊन मायने बोचकं सोडलं, पीठ डब्यात ओतलं, आणि तेव्हा मला कळलं की ती राहणार. पण अट घातली. “मले रोज सांगजो, त्याचं पानी चालू हाय का. बंद असलं तं बंद सांगजो. माह्यापासून लपवलं तं मी त्या दिवशीच गाडीत बसन.” तेव्हापासून संध्याकाळी दारात चप्पल काढतो न काढतो तोच आतून आवाज येतो, “चालू हाय का?” मी म्हणतो, हाय. फोरमनला मी हेच उत्तर दिवसातून कितीदा देतो! पण तिथे ते नुसतं उत्तर असतं. इथे त्या ‘हाय’च्या पलीकडे एक फुप्फुस असतं. तिच्यासाठी ते खरं असावं म्हणून मी आता निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पंपाला हात लावून येतो, पाण्याची धार डोळ्यांनी पाहून येतो.

आणि मग एक दिवस तो पंप बसलाच. दुपारची वेळ. काकांनी आरोळी दिली, आम्ही धावत वायूचा वाल्व बंद केला, आतलं काम थांबवलं, दुसरा पंप जोडला; पाणी पुन्हा पडू लागलं. मधे थोडा वास भिंतीपलीकडे गेला असेल. असेल म्हणजे गेलाच. संध्याकाळी घरी जायला निघालो. ‘हाय’ म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. त्या घटकेला पाणी चालूच होतं. आणि खरं सांगावं तर? बोचकं पुन्हा बांधलं जाईल, ती पुन्हा त्या चुलीपाशी, त्या एकटेपणात. आणि मी पुन्हा कुठल्याशा छपरावर, फोन वाजेल या धास्तीत. त्या रस्त्यावर मी किती रेंगाळलो! तेवढ्यात भिंतीपलीकडून तो आला. गालावर, त्याच जागी. थंड, मोहरीएवढा.

“चालू हाय का?”

मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, माय, दुपारी बंद पडलं होतं. थोडा वेळ. आम्ही आतलं सगळं थांबवलं. आता चालू आहे.

माय उठली. मला वाटलं, बोचक्याकडे निघाली. ती माठाकडे गेली. पदराचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं, नाकाला लावून पाहिलं, आणि त्या ओल्या पदराआडून म्हणाली, “एवळं तं मले येते. चाल, हात धू. भाकर निवून राह्यली.”

ती राहिली आहे. बेचैनी गेलेली नाही. ती जावी असंही आता वाटत नाही, कारण तिच्याच बळावर मी तो पंप पुन्हा पुन्हा पाहतो. परवा सकाळी दवाखान्यातून परतताना आम्ही दोघं त्या भिंतीशेजारून चाललो होतो. तिने एकदम थांबून गालाला हात लावला आणि वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. मी खिशातून रुमाल काढला, थोडा वेळ तसाच हातात धरला, आणि परत खिशात ठेवून दिला.